पै-पैचा हिशेब : मॅगीबाई वॉकर यांची जीवनकथा

अलीशा संदेष्ट्याकडे धाव घेणाऱ्या विधवेची गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. तिचा नवरा देवभीरू होता. पण तो मेला तेव्हा घरात तेलाच्या एका भांड्याखेरीज काही उरले नव्हते, आणि सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यासाठी आला होता. ही गोष्ट सांगताना तेल कसे वाढले ते आपण रंगवून सांगतो. दोन लहान गोष्टी मात्र सांगायच्या राहून जातात. ते तेल शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या भांड्यांत भरले होते, ही एक. आणि तेल विकून आधी कर्ज फेड, मग उरलेल्यावर मुलांचे पोट भर, असा चोख हिशेब संदेष्ट्याने तिला घालून दिला होता, ही दुसरी.

शेजाऱ्यांची भांडी आणि चोख हिशेब या दोन गोष्टींवर आपले आयुष्य वेचणाऱ्या एका ख्रिस्ती भगिनीची ओळख आज करून घेऊ. मॅगी लेना वॉकर हे त्यांचे नाव. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या रिचमंड शहरात त्यांनी गोरगरिबांच्या विम्याचा कारभार पस्तीस वर्षे चालवला. ज्या काळी बायकांना मताचाही अधिकार नव्हता, त्या काळी एका कृष्णवर्णीय धोबिणीची मुलगी विमा संस्थेची प्रमुख झाली आणि बँकेची अध्यक्षही झाली.

मॅगीचा जन्म १८६४ सालच्या जुलै महिन्यात झाला. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेले अमेरिकेतील यादवी युद्ध तेव्हा संपले नव्हते. तिची आई एलिझाबेथ पूर्वी गुलामगिरीत होती आणि आता रिचमंडमधील एका धनिक गोऱ्या बाईच्या वाड्यात स्वयंपाकघरात मदतनीस म्हणून काम करीत होती. मॅगीचा जन्मदाता गोरा होता. त्याचे आणि तिच्या आईचे लग्न झालेले नव्हते. पुढे एलिझाबेथने त्याच वाड्यातील नोकर विल्यम मिचेल याच्याशी लग्न केले. विल्यमला शहरातील एका हॉटेलात वरच्या वाढप्याची नोकरी लागली आणि हे कुटुंब गल्लीतल्या एका छोट्या घरात राहू लागले.

मॅगी नऊ वर्षांची असताना, १८७३ साली, इकडे जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि निग्रो दासांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना ते अर्पण केले. समुद्रापलीकडची ती मुक्ती आपल्या लोकांना आशेचा किरण वाटली, आणि ते योग्यच होते. परंतु कायद्याने मुक्त झालेल्या माणसाच्या घरात उद्याची भाकरी कोठून येणार, हा प्रश्न कायद्याने सुटला नव्हता. मॅगीच्या घराला तो फार लवकर भेडसावला. १८७६ साली विल्यम मिचेल बेपत्ता झाला आणि काही दिवसांनी त्याचे प्रेत नदीत सापडले. सरकारी चौकशीत ती आत्महत्या ठरली. घरच्यांना तो खून वाटत राहिला.

कमावता माणूस गेला, शिल्लक काही नव्हती, पदरात दोन लेकरे. एलिझाबेथने लोकांचे कपडे धुण्याचे काम घेतले. बारा वर्षांची मॅगी धाकट्या भावाला सांभाळी, आईला मदत करी आणि धुतलेल्या कपड्यांच्या टोपल्या गोऱ्या लोकांच्या घरी पोहोचवी. विधवेचे घर कसे चालते हे तिला कोणी शिकवावे लागले नाही.

१८७८ साली मॅगीचा बाप्तिस्मा झाला. रिचमंडची ‘फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट’ मंडळी ही तिची मंडळी. पुढे तिथल्या शब्बाथ शाळेत तिने शिकवलेही. त्याच सुमारास, किशोरवयातच, ती ‘इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ सेंट लूक’ या संस्थेची सभासद झाली. लूक हा वैद्य होता, म्हणून आजाऱ्यांची काळजी वाहणाऱ्या या संस्थेला त्याचे नाव शोभून दिसले. मेरी प्राउट नावाच्या एका कृष्णवर्णीय शिक्षिकेने १८६७ साली बाल्टिमोर शहरात ही संस्था स्थापन केली होती. आरंभी ती केवळ बायकांसाठी होती. नंतर पुरुषांनाही प्रवेश मिळाला.

अशा संस्थेचे काम कसे चाले ते समजून घेतले पाहिजे, कारण मॅगीबाईंचे मोठेपण त्यातच आहे. प्रत्येक सभासदाने दर महिन्याला थोडी वर्गणी भरायची. एखादा आजारी पडून कामावर जाऊ शकला नाही, तर त्याला त्या फंडातून मदत मिळे. तो मरण पावला तर मयताचा खर्च भागे आणि वारसाच्या हाती काही रक्कम पडे. हजार लोकांनी थोडे थोडे टाकायचे आणि त्या वर्षी ज्या दहा-बारा घरांवर संकट येईल त्यांनी उचलायचे, असा हा सरळ व्यवहार. कोणीही कोणावर उपकार करीत नाही. विधवा येते ती हात पसरून येत नाही. नवऱ्याने भरलेल्या वर्गणीचा हक्क मागायला येते.

मग त्या लोकांनी मोठ्या विमा कंपन्यांकडे का जाऊ नये? कारण तेथे कातडीचा रंग पाहिला जाई. अमेरिकेतील प्रुडेन्शियल या बलाढ्य कंपनीने १८८१ साली नियम केला की, कृष्णवर्णीय माणसाने हप्ता गोऱ्याइतकाच भरावा, पण मृत्यूनंतर त्याच्या वारसाला रक्कम एक-तृतीयांशाने कमी मिळावी. १८९६ साली त्याच कंपनीच्या एका आकडेतज्ज्ञाने मोठा ग्रंथ लिहून असा निष्कर्ष काढला की, या लोकांचा विमा उतरवणेच धोक्याचे आहे. त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण अधिक होते हे खरे. पण ते दारिद्र्यामुळे, कोंदट घरांमुळे आणि औषधपाण्याच्या अभावामुळे होते, ही गोष्ट त्याने बाजूला सारली.

आपल्या देशातही हेच घडत होते. परदेशी विमा कंपन्या हिंदी माणसाच्या जिवाला कमी प्रतीचा समजून त्याच्याकडून जादा हप्ता घेत. १८७० साली मुंबईत ‘बॉम्बे म्युच्युअल’ ही संस्था निघाली आणि तिने हिंदी माणसाचा विमा इतरांच्याच दराने उतरवण्यास सुरुवात केली. आपल्या हैदराबाद संस्थानात १९०७ साली निजामाच्या सरकारने आपल्या नोकरांसाठी विम्याची सोय केली. पण धोबीण, मोलकरीण, गवंडी, हमाल यांच्यासाठी सरकारी फंड नसतो. रिचमंडच्या अशा लोकांना आपली सोय आपणच करावी लागली.

मॅगी १८८३ साली नॉर्मल स्कूलची परीक्षा उतरली आणि तीन वर्षे शिक्षिका होती. १८८६ साली आर्मस्टेड वॉकर या बांधकाम करणाऱ्या सज्जन गृहस्थाशी तिचे लग्न झाले आणि नोकरी सुटली, कारण विवाहित स्त्रीला शाळेत ठेवायचे नाही असा तेव्हाचा नियम होता. आपल्या पंडिता रमाबाई त्याच वर्षी अमेरिकेत पोहोचल्या होत्या. हिंदुस्थानातील विधवांसाठी घर उभारावे म्हणून त्या गावोगाव व्याख्याने देत होत्या. या दोघींची भेट झाली नाही. पण दोघींच्या पुढे प्रश्न एकच होता. नवऱ्याच्या मागे बाईने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

मॅगीबाई घरात बसून राहिल्या नाहीत. हिशेब ठेवण्याचे शिक्षण त्यांनी घेतले आणि सेंट लूकच्या कामात एकेक पायरी चढत गेल्या. १८९५ साली त्यांच्या सूचनेवरून संस्थेने मुलांची शाखा काढली. मुलांना पुठ्ठ्याच्या छोट्या पेट्या देऊन सेंट-सेंट साठवायला शिकवले जाई. मोठ्यांच्या सवयी बदलणे कठीण, म्हणून सुरुवात लेकरांपासून करावी, हे शब्बाथ शाळेच्या शिक्षिकेला चांगले कळत होते.

१८९९ साली संस्था अगदी डबघाईला आली. सभासद जेमतेम हजार उरले होते. तिजोरीत ३१ डॉलर ६१ सेंट होते आणि देणे ४०० डॉलरचे. जुन्या मुख्य चिटणिसांनी जागा सोडली. त्यांना वर्षाला ३०० डॉलर पगार होता. ती जागा मॅगीबाईंना देण्यात आली आणि पगार १०० डॉलर ठरला. बुडत्या नावेचे सुकाणू, तेही एक-तृतीयांश पगारावर, असा तो मान होता. मॅगीबाईंनी तो स्वीकारला.

त्यांनी काय केले? काही चमत्कार केला नाही. त्या गावोगाव फिरल्या, मंडळ्यांतून आणि बायकांच्या सभांतून बोलल्या, शाखा उघडल्या, वर्गणी वेळेवर गोळा केली आणि वह्या नीट लावल्या. विम्याच्या संस्थेची परीक्षा सभासद मेल्यावर होते. मेलेला माणूस तक्रार करीत नाही. त्याची विधवा एकटी असते, बहुधा निरक्षर असते. तिला ठरलेली रक्कम वेळेवर आणि पुरी मिळाली, तर मयताला जमलेले शेजारी ते पाहतात आणि पुढच्या महिन्यात स्वतः सभासद होतात. न मिळाली तर तेही शेजारी पाहतात. सेंट लूकची वाढ अशी एकेका घरातून झाली. पंचवीस वर्षांनी, १९२४ च्या सुमारास, संस्थेचे सभासद पन्नास हजारांवर गेले होते, शाखा दीड हजारांच्या आसपास होत्या आणि मालमत्ता सुमारे चार लाख डॉलरची होती. कचेरीतील कारकून बहुतेक स्त्रिया होत्या. दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करण्यावाचून ज्यांना गत्यंतर नव्हते, अशा घरांतील मुली तेथे टेबलाशी बसून खतावण्या लिहू लागल्या.

१९०२ साली संस्थेचे वर्तमानपत्र निघाले. मग बँकेचा विचार आला. आपल्या लोकांची बचत परक्यांच्या तिजोरीत जाते आणि तोच पैसा कर्जाऊ मागितला तर आपल्याला दार बंद असते, हे त्यांना खुपत होते. परंतु बँकेच्या नावाने कृष्णवर्णीय लोक बिचकत. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी काढलेली मोठी बँक १८७४ साली बुडाली होती आणि साठ हजारांवर ठेवीदारांची घामाची कमाई तिच्यात अडकली होती. ती जखम अजून ओली होती. म्हणून मॅगीबाईंनी घाई केली नाही. शहरातील एका गोऱ्यांच्या बँकेत त्या रोज काही तास जाऊन बसल्या आणि कामकाज शिकल्या. २ नोव्हेंबर १९०३ रोजी ‘सेंट लूक पेनी सेव्हिंग्ज बँक’ उघडली आणि अमेरिकेत बँकेची सनद मिळवून तिच्या अध्यक्ष झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. पहिल्या दिवशी सुमारे २८० जणांनी खाती उघडली. त्यांतील एकाने भरले होते फक्त ३१ सेंट. त्यालाही खात्याची नोंद मिळाली. १९२० पर्यंत या बँकेच्या कर्जावर सुमारे सहाशे कुटुंबांनी स्वतःची घरे घेतली.

सगळेच काम साधले असे मात्र नाही. १९०५ साली त्यांनी बाजारपेठेत एक मोठे दुकान काढले. आपल्या बायकांना मानाने माल घेता यावा आणि आपल्या मुलींना विक्रेत्या म्हणून काम मिळावे, हा हेतू होता. गोऱ्या व्यापाऱ्यांनी एकजूट करून घाऊक मालाची वाट अडवली. स्वतःचे लोकही पुरेसे आले नाहीत. काही वर्षे तोटा सोसून दुकान बंद करावे लागले. 

पैशाचा कारभार बिघडलेल्या संस्थाही त्याच शहरात होत्या. ‘ट्रू रिफॉर्मर्स’ ही रिचमंडमधील त्याहून मोठी आणि नावाजलेली संस्था. तिची बँक १९१० साली कोसळली. उद्योगांना दिलेली बुडीत कर्जे आणि रोखपालाची अफरातफर ही त्यामागची कारणे. हजारो कुटुंबे नागवली गेली. त्यानंतर राज्याने कडक कायदे केले, तपासनीस नेमले आणि बंधुसंस्था व बँक यांचे कारभार वेगळे करायला लावले. पुष्कळ संस्था त्या तपासणीत टिकल्या नाहीत. सेंट लूकच्या वह्या टिकल्या.

यरुशलेमेतील गरिबांसाठी वर्गणी नेताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडलेले भाऊ आपल्याबरोबर घेतले होते, हे आपण वाचतो. स्वतः प्रेषित असूनही पैशाच्या बाबतीत कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये अशी काळजी त्याने घेतली. काही जणांना तपासणी म्हणजे अविश्वास वाटतो. पौलाला तसे वाटले नाही आणि मॅगीबाईंनाही वाटले नाही.

मग घरावरच आघात झाला. १९१५ च्या जून महिन्यात त्यांच्या वस्तीत चोराची भीती पसरली होती. एका रात्री घराबाहेर हालचाल दिसली म्हणून थोरला मुलगा रसेल याने गोळी झाडली. ती त्याच्या वडिलांना लागली. आर्मस्टेड वॉकर गेले. मॅगीबाई विधवा झाल्या आणि मुलावर खुनाचा खटला उभा राहिला. त्याच वेळी संस्थेतील विरोधकांनी अशा बदनाम घरातील बाई आता नको अशी कुजबूज सुरू केली. मॅगीबाई सभासदांपुढे उभ्या राहिल्या आणि सभासदांनी त्यांना सोडले नाही. न्यायालयाने रसेलला निर्दोष सोडले. पण तो खचला तो खचलाच, आणि १९२३ साली वारला. ज्यांनी हजारो विधवांच्या घरी मदत पोहोचवली, त्यांच्या स्वतःच्या घरी दुःख आले ते असे. तरी सकाळी कचेरी उघडत राहिली.

मधुमेहाने आणि गुडघ्याच्या जुन्या दुखापतीने त्यांना चालणे अशक्य झाले. १९२८ पासून त्या चाकाच्या खुर्चीवर होत्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेत भयंकर मंदी आली आणि हजारो बँका बुडाल्या. मॅगीबाईंनी शहरातील आणखी दोन कृष्णवर्णीय बँकांना आपल्याबरोबर घेतले आणि १९३० ते १९३१ मध्ये तिन्ही मिळून एक बँक केली. ठेवीदारांचे पैसे वाचले. ती बँक एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होती. १५ डिसेंबर १९३४ रोजी मॅगीबाईंनी देह ठेवला. त्यांचे राहते घर आता राष्ट्रीय स्मारक आहे आणि २०१७ साली रिचमंडच्या चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला.

प्रिय वाचकहो, हे चरित्र दूर देशाचे असले तरी त्यातला विषय आपल्या दाराशी आहे. आपल्या हैदराबादेत चिट्टी आणि भिशी कोणाला ठाऊक नाही? चिट्टी चालवणारा रातोरात नाहीसा झाला आणि मुलीच्या लग्नाचे पैसे गेले, अशा बातम्या आपण वाचतो. मंडळ्यांमधूनही मयत फंड, महिला मंडळाचा फंड, गरिबांसाठीची पेटी असते. ती सांभाळणारे बहुधा प्रामाणिकच असतात. पण हिशेब वर्षानुवर्षे वाचला गेला नाही, तर प्रामाणिक माणसावरही संशय येतो आणि अप्रामाणिकाला आडोसा मिळतो. प्रेषितांच्या काळी विधवांच्या रोजच्या वाटणीवरून कुरकुर झाली, तेव्हा ती दाबून टाकली गेली नाही. चांगल्या नावाची सात माणसे निवडून काम त्यांच्या हाती दिले गेले.

घराचीही गोष्ट तशीच. विम्याचा हप्ता भरणारे बरेच आहेत. पण पॉलिसीचा कागद कोठे ठेवला आहे आणि वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे किती जणांच्या पत्नीला ठाऊक असते? मरणाचे नाव घरात काढू नये अशी आपली समजूत. मरणावर विजय मिळवणाऱ्या प्रभूचे आपण लोक. त्या नावाला आपण तरी इतके का भ्यावे? एका संध्याकाळी प्रार्थनेनंतर तो कागद काढून तिच्या हाती द्यावा आणि वाचून दाखवावा.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे चरित्र सांगताना बँकेच्या मोठेपणापेक्षा कपड्यांची टोपली आणि पुठ्ठ्याची पेटी यांवर भर द्यावा, म्हणजे मुलांना ते आपले वाटेल. वर्गाच्या दानाचा हिशेब एखाद्या मुलीकडे सोपवावा. किती आले, किती दिले, किती उरले, हे तिने दर महिन्याला वर्गापुढे वाचावे. रक्कम दहा-वीस रुपयांची असेल. तरी ती पै-पैसह वाचून घ्यावी.